मेणाच्या कागदावरचा मदुराईचा महाल

मदुराईचा तिरुमलै नायक महाल 1636 साली बांधला गेला आणि घरच्याच माणसाने तो मोडला. तिरुमलैचा नातू चोक्कनाथ याने राजधानी तिरुचिरापल्लीला हलवताना महालातले निघेल तेवढे नक्षीकाम उचलून नेले. मागे राहिले ते न हलवता येणारे: चुन्याने मढवलेले अजस्र खांब, पाकळीदार महिरपी आणि गिलाव्यात घडवलेले व्याल, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी.

या पडक्या महालापुढे 1858 मध्ये कॅप्टन लिनियस ट्राइप कॅमेरा घेऊन उभा राहिला. मद्रास सरकारचा तो अधिकृत छायाचित्रकार. त्याच्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती, काचही नव्हती. होता मेण पाजलेला कागद. मेणामुळे कागदाचे तंतू भरून निघतात आणि त्यातून प्रकाश सहज आरपार जातो. या कागदावर आयोडाइडचे क्षार चढवून तो सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवला की प्रकाशाला संवेदनशील सिल्व्हर आयोडाइड तयार होते. कागद कॅमेऱ्यातून काढला तरी चित्र दिसत नाही. ते गॅलिक आम्लात हळूहळू उमटते आणि उरलेले सिल्व्हर आयोडाइड काढून टाकणाऱ्या ‘हायपो’च्या द्रावणात पक्के होते. त्या काळच्या दुसऱ्या पद्धतीत ओल्या काचेची प्लेट जागेवरच तयार करून लगेच वापरावी लागे. हा कागद आधी तयार करून बरोबर नेता येई. बैलगाडीच्या प्रवासात ही फार मोठी सोय.

किंमत मोजावी लागे ती वेळेत. एका चित्राला कित्येक मिनिटे लागत, सावलीतल्या ओवऱ्यांना त्याहून जास्त. तेवढ्या वेळात ये-जा करणारी माणसे कागदावर उमटतच नाहीत. महाल ओस वाटतो त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी गोम रंगांची. सिल्व्हर आयोडाइडला निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश ‘दिसतो’. पिवळा-तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळे पांढरा चुना लखलखीत येतो, तर पिवळसर किंवा विटकरी भाग काळवंडतो. आकाश तर कोरे नाहीतर डागाळलेले. ट्राइपला ते खपत नसे. मग तो ब्रश घेऊन निगेटिव्हवरच ढग रंगवी, झाडांची पालवीही सुधारी. दस्तऐवज म्हणून काढलेल्या चित्रात असा हात फिरवावा का? मला विचाराल तर आकाशात खुशाल फिरवावा, नक्षीत नको.

त्याच वर्षी ट्राइपने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरचे शिलालेखही टिपले: 21 छायाचित्रे एकापुढे एक जोडून, सुमारे 19 फूट लांब. तिथली भोसल्यांची गादी तीनच वर्षांपूर्वी कंपनी सरकारने खालसा केली होती. 1859 मध्ये नवे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन आले. छायाचित्रण ही त्यांना चैन वाटली, आणि ट्राइपचा विभाग बंद झाला.

मदुराईच्या महालाची दुरुस्ती पुढे लॉर्ड नेपियर गव्हर्नर असताना झाली. ट्राइपची चित्रे त्या आधीची. म्हणून एखाद्या महिरपीचा आजचा गिलावा मूळचा की दुरुस्तीतला, हे ताडताना ती उपयोगी पडतात. फक्त चित्रात काळा डाग दिसला की लगेच ‘पडझड’ म्हणू नये. तो कदाचित साधा पिवळा रंग असेल.