आधी मुलांचे मैदान, मग स्टेडियम : अमेरिकेतील सॉकरची पार्श्वभूमी

अमेरिकेतील एखाद्या उपनगरात शनिवारी सकाळी शाळेमागच्या हिरवळीवर गेले, तर पांढऱ्या रेषांनी आखलेली लहान लहान मैदाने दिसतात. कडेला घडीच्या खुर्च्या टाकून पालक बसलेले असतात आणि गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेली, मोज्यांआड नडगीला शिनगार्ड बांधलेली सहा-सात वर्षांची मुले-मुली तीन नंबरच्या, म्हणजे लहान आकाराच्या, चेंडूमागे घोळक्याने धावत असतात. एका बाजूला चारच खेळाडू, गोलरक्षक नाही आणि गोलांची नोंदही ठेवायची नाही, असा या वयाचा खेळ असतो. मध्यंतरात कुणाची तरी आई डब्यातून संत्र्याच्या फोडी वाटते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे चित्र ओळखीचे आहे, कारण त्या खुर्च्यांवर तीही बसलेली असतात.

अमेरिकन तरुणांमध्ये सॉकर, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ, वाढत असल्याची चर्चा निघाली की ती बहुधा तिकडे खेळायला गेलेल्या लिओनेल मेस्सीपासून, फार तर डेव्हिड बेकहॅमपासून सुरू होते. प्रस्तुत लेखकाच्या मते तिची सुरुवात या हिरवळीपासून व्हायला हवी. युरोपात आणि लॅटिन अमेरिकेत आधी मोठ्यांचे क्लब उभे राहिले, त्यांच्याभोवती गाव गोळा झाले आणि त्या गावातली पोरे चेंडू खेळू लागली. अमेरिकेत मात्र लाखो मुले खेळू लागली तेव्हा त्यांनी पाहावी अशी धड साखळी स्पर्धाही देशात टिकलेली नव्हती. हा उलटा क्रम लक्षात घेतल्याशिवाय तिथल्या सॉकरचे यश आणि त्याची दुखणी या दोन्हींचा उलगडा होत नाही.

‘सॉकर’ हा शब्द अमेरिकनांनी घडवला हा समज आपल्याकडेही आहे, आणि तो चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील विद्यापीठांतल्या मुलांनी ‘असोसिएशन फुटबॉल’चे जे बोलीतले रूप केले, ते हे. अमेरिकेत तो टिकला, कारण ‘फुटबॉल’ हे नाव तिथे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या दुसऱ्याच खेळाने घेतले होते. खरे तर 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना, जो अमेरिकन फुटबॉलचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो, तो आजच्या सॉकरच्या अधिक जवळचा होता : प्रत्येक बाजूला 25 खेळाडू होते, चेंडू हातात धरून पळण्यास मनाई होती आणि रटगर्सने तो 6-4 असा जिंकला. पुढे हार्वर्डने रग्बीच्या वळणाचे नियम पसंत केले, 1874 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाशी त्या धर्तीचे सामने खेळले, आणि दोन-तीन वर्षांत इतर मोठी महाविद्यालयेही त्याच वाटेने गेली. प्रतिष्ठित विद्यापीठांचा आश्रय असा सुरुवातीलाच हातचा गेला.

सॉकर उरला तो कामगारांकडे. न्यू जर्सीतील कार्नी या गावात क्लार्क कंपनीच्या दोऱ्याच्या गिरणीत स्कॉटलंडहून आलेले कामगार होते आणि त्यांच्या ओ.एन.टी. या संघाने 1885 मध्ये पहिला अमेरिकन चषक जिंकला. संघाचे नाव गिरणीच्या ‘अवर न्यू थ्रेड’ या दोऱ्याच्या नावावरून पडले होते. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर, मिसुरीतील सेंट लुईस, पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेमचा पोलाद कारखाना ही अशीच ठाणी. 1913 मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि 1921 मध्ये सुरू झालेली अमेरिकन सॉकर लीग तर स्कॉटिश क्लबांचे खेळाडू पगाराच्या आमिषाने पळवण्याइतकी सधन होती. परंतु 1928 मध्ये लीग आणि महासंघ यांच्यात चषक स्पर्धेवरून वितुष्ट आले, पाठोपाठ महामंदीने गिरण्या आणि कारखाने हलवले, आणि 1933 मध्ये ती लीग संपली. स्थलांतरितांच्या क्लबांत खेळ चालू राहिला. त्यांच्या मुलांना मात्र अमेरिकन व्हायचे होते आणि अमेरिकन होण्याचा रस्ता बेसबॉलच्या मैदानातून जात होता.

या काळातले पराक्रमही लोकांच्या स्मरणात राहिले नाहीत. 1930 च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिका उपांत्य फेरीत पोहोचली आणि फॉल रिव्हरच्या बर्ट पॅटनॉडने पॅराग्वेविरुद्ध केलेली हॅटट्रिक ही विश्वचषकातील पहिली म्हणून नोंदली गेली. 29 जून 1950 रोजी ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे अमेरिकेने इंग्लंडला 1-0 असे हरवले. गोल करणारा जो गेटजेन्स मूळचा हैतीचा, न्यूयॉर्कमध्ये शिकता शिकता उपाहारगृहात भांडी विसळणारा. गोलरक्षक फ्रँक बोर्गी सेंट लुईसमध्ये शववाहिका चालवणारा. या सामन्याला अमेरिकेचा एकच पत्रकार हजर होता आणि तोही रजा काढून गेला होता. त्यानंतर अमेरिकेला विश्वचषकात पुन्हा पाऊल ठेवायला 40 वर्षे लागली.

1968 मध्ये उभ्या राहिलेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगने वरून खाली येणारा मार्ग धरला : मोठी नावे आणा, प्रेक्षक आपोआप येतील. न्यूयॉर्क कॉसमॉसने 1975 मध्ये पेले यांना आणले. रँडल्स आयलंडवरच्या जुन्या स्टेडियममध्ये त्यांचा पहिला सामना झाला, तेव्हा टीव्हीवर बरे दिसावे म्हणून गवत नसलेल्या मातीवर हिरवा रंग फवारण्यात आला होता. दोनच वर्षांत, ऑगस्ट 1977 मध्ये, कॉसमॉसच्या एका सामन्याला 77,691 प्रेक्षक जमले. भारतीय वाचकांना हा संघ आठवतो तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या कोलकात्याच्या सामन्यामुळे. ईडन गार्डन्सवर मोहन बागानने पेले यांच्या कॉसमॉसला 2-2 असे रोखले होते. परंतु पेले निवृत्त झाले, इतर क्लबांनी कॉसमॉसशी बरोबरी करण्याच्या नादात न झेपणारा खर्च केला आणि 1984 च्या हंगामानंतर लीगने गाशा गुंडाळला. अमेरिकेत सॉकर रुजणार नाही, असा निर्वाळा तेव्हा अनेकांनी दिला.

तो निर्वाळा देणाऱ्यांचे लक्ष स्टेडियमकडे होते. दरम्यान मुलांच्या मैदानावर वेगळेच घडत होते. 1964 मध्ये कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे अवघ्या नऊ संघांनिशी अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन ही संस्था सुरू झाली होती. तिचा पहिला नियम होता की प्रत्येक मुलाला किमान अर्धा सामना खेळायला मिळालाच पाहिजे, मग त्याला खेळ येवो वा न येवो. बेसबॉलमध्ये चेंडू चुकला की सगळ्यांचे डोळे त्या एका पोराकडे वळतात आणि अमेरिकन फुटबॉलला अंगापिंडाने थोराड मुले, हेल्मेट, पॅड हा सगळा सरंजाम लागतो; सॉकरला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरे. उपनगरांत अशी जागा भरपूर होती आणि मुलगा-मुलगी एकाच संघात खेळू शकत होती. स्वतः कधीही न खेळलेले आईबाप पुस्तकातून नियम शिकून प्रशिक्षक झाले. 1974 मध्ये राष्ट्रीय महासंघाची युवा शाखा सुरू झाली आणि कालांतराने तिच्याकडे दरवर्षी सुमारे 30 लाख मुलांची नोंदणी होऊ लागली. लीग बुडाली तरी ही नोंदणी थांबली नाही. 1996 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘सॉकर मॉम’, म्हणजे मुलांना सरावाला नेणारी-आणणारी उपनगरी आई, हा मतदारांचा एक वर्ग म्हणूनच ओळखला जाऊ लागला, यावरून हा खेळ घरोघरी किती पोहोचला होता ते दिसते.

मुलींच्या बाबतीत कायद्याने फार मोठे काम केले, आणि या कथेतील सर्वांत अभिमानास्पद भाग हाच आहे. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानुसार केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगाच्या आधारे भेदभाव करता येत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या संघात पुरुषांचा भरणा मोठा. त्याच्याशी तोल साधण्यासाठी विद्यापीठांना मुलींचे संघ आणि शिष्यवृत्त्या वाढवाव्या लागल्या, आणि कमी खर्चात बरेच खेळाडू सामावून घेणारा खेळ म्हणून सॉकर त्यांना सोयीचा वाटला. 1982 मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची महिलांची पहिली सॉकर स्पर्धा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली. 1985 मध्ये महिलांचा राष्ट्रीय संघ प्रथम इटलीत खेळायला गेला, तेव्हा अंगावर पुरुषांसाठी शिवलेले ढगळ गणवेश होते. सहाच वर्षांनी, 1991 मध्ये, चीनमध्ये झालेला महिलांचा पहिला विश्वचषक याच संघाने नॉर्वेला 2-1 असे हरवून जिंकला; दोन्ही गोल मिशेल एकर्सचे होते.

10 जुलै 1999 रोजी पासाडेनाच्या रोझ बाऊलमध्ये 90,185 प्रेक्षकांसमोर अमेरिका आणि चीन यांच्यात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पूर्ण वेळ आणि जादा वेळ गोलशून्य गेला. पेनल्टींमध्ये गोलरक्षक ब्रायना स्करीने एक फटका अडवला आणि ब्रँडी चॅस्टेनने शेवटचा फटका डाव्या पायाने जाळ्यात मारला. त्या गर्दीत गणवेश घालून आलेल्या शाळकरी मुलींची संख्या मोठी होती, आणि त्यांतल्या अनेक जणी स्वतः आठवड्याला मैदानात उतरणाऱ्या होत्या. पुढे 2015 आणि 2019 मध्येही महिलांनी विश्वचषक जिंकला, 2019 मध्ये समान वेतनासाठी स्वतःच्याच महासंघाला न्यायालयात खेचले आणि 2022 मध्ये 2 कोटी 40 लाख डॉलरची तडजोड व समान वेतनाचा करार मिळवला. अमेरिकेतील मुलीला आदर्श खेळाडू शोधण्यासाठी परदेशाकडे पाहावे लागले नाही. मुलांना तसे पाहावे लागत होते.

पुरुषांच्या खेळाला वळण मिळाले ते 4 जुलै 1988 रोजी, जेव्हा फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने 1994 चा विश्वचषक अमेरिकेला दिला आणि त्यासोबत व्यावसायिक लीग सुरू करण्याची अट घातली. यजमानपदाची लाज राखण्यापुरते का होईना, 1989 च्या नोव्हेंबरमध्ये पॉल कॅलिजुरीच्या त्रिनिदादमधील गोलाने संघ 1990 च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. 1994 च्या 52 सामन्यांना एकूण सुमारे 35 लाख 87 हजार प्रेक्षक आले. सरासरी प्रत्येक सामन्याला जवळजवळ 69 हजार. 1994 च्या अमेरिकन संघातील टोनी मिओला, जॉन हार्क्स आणि टॅब रॅमोस हे तिघेही कार्नीच्या परिसरात वाढलेले होते. दोऱ्याच्या गिरणीने आणलेला खेळ त्या गावाने शंभर वर्षे जपला होता.

6 एप्रिल 1996 रोजी दहा संघांनिशी मेजर लीग सॉकर सुरू झाली. अमेरिकन प्रेक्षकाला बरोबरी सोसत नाही असे गृहीत धरून तिने 35 यार्डांवरून धावत येऊन मारायच्या शूटआउटसारखे प्रकार काढले आणि काही वर्षांत सोडूनही दिले. 2001 च्या हंगामानंतर दोन संघ बंद करावे लागले. तिथून ती सावरली ती छोटी, खास सॉकरसाठी बांधलेली स्टेडियम, 2007 मध्ये आलेले बेकहॅम आणि 2023 मध्ये आलेले मेस्सी यांच्या बळावर. आणि 2025 मध्ये तिच्यात 30 संघ होते. तिकिटे घेणारा प्रौढ प्रेक्षक मात्र पूर्वी त्या हिरवळीवर संत्र्याच्या फोडी खाल्लेला होता.

त्यात आणखी दोन प्रवाह मिळाले. 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेची वस्ती बदलली. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांनी सॉकर सोबतच आणला आणि आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे मेक्सिकन लीग पाहू लागले. दुसरा प्रवाह पडद्याचा : 1993 पासून निघू लागलेल्या ‘फिफा’ व्हिडिओ गेममुळे कधी मैदानात न गेलेल्या मुलांनाही युरोपातील संघांचे खेळाडू तोंडपाठ झाले, आणि 2013 पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळीच दिसू लागले. गॅलप या संस्थेच्या 2017 च्या जनमत पाहणीत आवडता खेळ म्हणून 37 टक्के प्रौढांनी अमेरिकन फुटबॉलचे, 9 टक्क्यांनी बेसबॉलचे आणि 7 टक्क्यांनी सॉकरचे नाव घेतले. तरुण वयोगटात मात्र सॉकर बेसबॉलच्या पुढे होता. अमेरिकन फुटबॉलमधील डोक्याच्या दुखापतींची भीतीही पालकांच्या मनात होती. सॉकरलाही हा प्रश्न सुटला नाही. 2015 मध्ये महासंघाने दहा वर्षे व त्याखालील मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास बंदी घातली.

या पिढीची एक तुकडी आपल्याकडच्या प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिली आहे. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेने दिल्लीत भारताला 3-0 असे हरवले, नवी मुंबईत कोलंबियाकडून हार पत्करली आणि मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर उपउपांत्य फेरीत इंग्लंडने त्यांना 4-1 असे रोखले. त्या संघातील जॉश सार्जंट, टिमोथी वेआ आणि सर्जिनो डेस्ट पाच वर्षांनी कतारच्या विश्वचषकात अमेरिकेच्या मुख्य संघात होते. सार्जंट मिसुरीतला, सेंट लुईसजवळचा. वेआ हा लायबेरियाचे नामवंत फुटबॉलपटू जॉर्ज वेआ यांचा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला मुलगा. डेस्ट नेदरलँड्समध्ये वाढलेला.

मुलांच्या मैदानापासून सुरुवात झाल्याचा एक तोटाही आहे आणि तो लपवून चालणार नाही. मुलांचे क्लब पालकांच्या वर्गणीवर उभे राहिले, म्हणून गुणी मुलाला वरच्या पातळीवर खेळायचे असेल तर शुल्क, गणवेश, प्रशिक्षकांचा पगार आणि दूरच्या स्पर्धांचा प्रवासखर्च हे सगळे घरच्यांनाच भरावे लागते. जगभर गल्लीतल्या गरीब पोरांचा असलेला हा खेळ अमेरिकेत बऱ्याच अंशी सुखवस्तू घरांचा झाला, आणि रविवारी सार्वजनिक बागांत स्थलांतरितांच्या संघांतून उत्तम खेळणारी मुले निवडकर्त्यांच्या नजरेबाहेर राहिली. महासंघाने 2007 मध्ये काढलेली विकास अकादमी 2020 मध्ये बंद पडली आणि तिची जागा मेजर लीग सॉकरच्या (एमएलएस) ‘एमएलएस नेक्स्ट’ या युवा स्पर्धेने घेतली. व्यावसायिक क्लबांच्या बहुतेक अकादमींत आता मुलांना शुल्क द्यावे लागत नाही, परंतु असे क्लब मोठ्या शहरांतच आहेत. इतर ठिकाणच्या मुलाने त्या अकादमीपर्यंत कसे पोहोचायचे, हे अजूनही त्याच्या घरच्यांकडे गाडी, वेळ आणि पैसा किती आहे यावर ठरते.