अखेरच्या क्षणाची बोली

ऑनलाइन लिलावाची मुदत संपण्याच्या तोंडावर, बहुधा शेवटच्या काही सेकंदांत, निर्णायक बोली लावण्याची रीत. ‘स्नायपिंग’ या नावाने ती अधिक परिचित आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या संकेतस्थळावर ती विशेष रुजली. तेथे मुदत घड्याळाबरहुकूम संपते. हातोडा उगारून ‘आणखी कोणी?’ असे विचारणारा लिलावदार नसतो.

ईबेवर ग्राहक आपली कमाल रक्कम नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. जिंकणाऱ्याला साधारणतः दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एक टप्पा जास्त किंमत पडते. या दुसऱ्या किमतीच्या तत्त्वाचे श्रेय बहुतेक ग्रंथ अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिकरी यांच्या १९६१ च्या निबंधाला देतात. सिद्धांतापुरते ते योग्यच आहे. प्रथा मात्र जुनी दिसते. अमेरिकेतील टपाल तिकिटांच्या व्यापाऱ्यांनी १८९० च्या दशकातच टपालाने येणाऱ्या बोलींसाठी हा नियम वापरल्याचे दाखले मिळतात. गटे या जर्मन कवीने १७९७ मध्ये एक हस्तलिखित प्रकाशकाला देताना योजलेली बंद पाकिटाची युक्तीही (किमान किंमत पाकिटात बंद ठेवायची आणि प्रकाशकाने त्याहून जास्त देऊ केले तर तेवढीच घ्यायची) काही अभ्यासक याच मालिकेत बसवतात. पण तेथे बोली लावणारा एकच होता, त्यामुळे तिला लिलाव म्हणणे ताणल्यासारखे वाटते. मुदतीच्या काठावर टपून बसण्याची वृत्तीही इंटरनेटची देणगी नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्ती विझेपर्यंत बोली घेत. ज्योत मालवण्याआधी धूर खाली उतरतो हे हेरून नेमक्या क्षणी बोली लावणाऱ्या एका चतुर माणसाची नोंद सॅम्युएल पेपिस यांच्या १६६२ च्या दैनंदिनीत आहे.

कमाल रक्कम आधीच नोंदवता येत असताना थांबायचे कशासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तत्कालीन लिलावांशी केली. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप लांबत असे. ईबेवर संगणकांच्या सुमारे ४० टक्के आणि जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या सुमारे ५९ टक्के लिलावांत अखेरची बोली शेवटच्या पाच मिनिटांत आली होती. ॲमेझॉनवर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. ईबेवर अनुभवी ग्राहक जास्त उशीर करत, ॲमेझॉनवर उलट. या दोघांनी अनेक कारणे मांडली. नवखे ग्राहक थोडीथोडी बोली वाढवत जातात, त्यांना प्रत्युत्तराची संधी मिळू नये हे एक. जाणकाराची बोली पाहून इतरांना वस्तूचे मोल कळू नये हे दुसरे. तिसरे असे की, उशिराची बोली कधीकधी पोहोचतच नाही, त्यामुळे सर्वांनीच उशीर केला तर किंमत सरासरीने खाली राहते. पॅट्रिक बजारी आणि अली होर्ताचसू यांनी २००३ मध्ये नाण्यांच्या लिलावांच्या आधारे दुसऱ्या कारणाशी जुळणारी मांडणी केली. रॉथ आणि ओकेनफेल्स यांनी डॅन एरिअली यांच्यासह केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उशिराची बोली हमखास पोहोचत असतानाही ठरल्या वेळी संपणाऱ्या लिलावांत ग्राहक थांबून राहिले. त्यामुळे तिसऱ्या स्पष्टीकरणावर फार भार टाकता येत नाही. पहिली दोन अधिक टिकाऊ ठरतात.

न्याय्यतेचा वाद ठरल्या वेळी लिलाव संपवण्याच्या याच नियमाभोवती फिरतो. हरलेल्याची तक्रार असते की, त्याला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. पण आपली खरी कमाल रक्कम नोंदवण्याची मुभा त्यालाही अगोदरपासून होती. ईबेने ही चाल निषिद्ध मानलेली नाही, आणि ग्राहकाच्या वतीने ऐनवेळी बोली टाकणाऱ्या स्वयंचलित सेवाही उपलब्ध झाल्या. विक्रेत्याने स्वतःच किंवा हस्तकाकरवी बनावट बोली लावून भाव चढवणे ही वेगळी गोष्ट. ती फसवणूकच होय आणि तिला बंदी आहे. गंमत अशी की, शेवटच्या सेकंदाला आलेल्या ग्राहकावर अशा हस्तकाची मात्रा सहसा चालत नाही.

ईबेने २००४ मध्ये मुंबईची बाझी डॉट कॉम ही कंपनी विकत घेऊन भारतात प्रवेश केला. भारतातील बँकांच्या थकीत कर्जांपोटी सरफेसी कायद्याखाली (तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) होणाऱ्या मालमत्तांच्या ई-लिलावांत मात्र मुदतवाढीचा नियम रूढ आहे. अखेरच्या काही मिनिटांत, बहुधा पाच, बोली आली की तेवढाच वेळ पुन्हा वाढतो, आणि नवी बोली येणे थांबेपर्यंत हे चालू राहते.