झेरॉक्सवाला ७१च का दाबतो?

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा नकाशा ए-३ कागदावर होता, आणि सभेत वाटायला ए-४ प्रती हव्या होत्या. दादर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी ऐटीत म्हणालो, "निम्मा कर रे." पोराने निमूट ५० टक्के दाबलं. नकाशा अर्ध्या पानात, उरलेलं अर्धं कोरं. "काका, ए-फोरला एकाहत्तर लागतात." आधी सांगायला काय झालं होतं!

ए-० पासून कागदांची लांबी मिलिमीटरमध्ये मांडा: ११८९, ८४१, ५९४, ४२०, २९७. वजाबाकी करून काही हाती लागत नाही. फरक ३४८, २४७, १७४ असे घसरतात. आता प्रत्येक संख्येला आधीच्या संख्येने भागा. दरवेळी ०.७०७च्या आसपास! (आकडे पूर्ण मिलिमीटरमध्ये बसवल्यामुळे शेवटचा अंक जरा हलतो.) गुणोत्तर कायम, म्हणजे ही भूमितीय श्रेढी.

हेच गुणोत्तर का? रुंदी १ आणि लांबी क्ष असलेला कागद मधोमध दुमडा. आता लांबी १, रुंदी क्ष/२. ठेवण तीच राहायची तर क्ष : १ = १ : क्ष/२, म्हणजे क्षचा वर्ग २. म्हणून क्ष १.४१४, आणि त्याचा व्यस्त ०.७०७. मशीनवरचे ७१ आणि १४१ टक्के ते हेच. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्गने १७८६ साली एका पत्रात या प्रमाणाची खुबी लिहिली होती. जर्मनीत ते मानक झालं १९२२ साली. करारनाम्यांचा लीगल कागद, १४ बाय ८.५ इंच, दुमडून पाहा: ठेवण लगेच बिघडते.

सूत्र असं: ए-न कागदाची लांबी = ११८९ × (०.७०७चा न-वा घात). शाळेतल्या श्रेढीच्या सूत्रात मोजणी १ पासून, म्हणून घात 'न वजा १' असायचा; तो विसरून आपण मार्क घालवायचो. इथे मोजणी शून्यापासून असल्याने ती कटकटच नाही. क्षेत्रफळ आणखी सोपं. ए-० एक चौरस मीटर, पुढे दरवेळी निम्मं. ए-४ म्हणजे सोळावा भाग. चौरस मीटरला ८० ग्रॅमचा कागद घेतला तर एक पान ५ ग्रॅमचं, पाचशेचं रीम अडीच किलोचं. वजनकाट्याची गरज नाही.

वाया गेलेली प्रत मी मधोमध कापली. ०.७०७ दोनदा गुणलं की ०.५, म्हणजे तो नकाशा नेमका ए-५ झाला होता. माझ्या डायरीत चपखल बसला.