पाणी जड नाही, मग तपासायचं काय?

रत्नागिरीजवळ कुवारबाव, नाचणे, शिरगाव या बाजूला नव्या इमारती होत आहेत. तिथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये सामान लागायच्या आधी पाण्यातले क्षार काढणारं आरओ मशीन लागतं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी बजावलेलं असतं, "पाणी जड असतं हो, मशीन बसवून घ्या." देशावर बोअरचं पाणी पिणाऱ्यांना हा सल्ला योग्यच आहे. इथल्या बहुतेक घरांना तो लागू पडत नाही, आणि त्या नादात जे खरोखर तपासायला हवं ते राहून जातं, याची मला काळजी वाटते.

जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. दोन्ही मिळून कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला किती मिलिग्रॅम, असं ते मोजतात. आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात २०० पर्यंतचं पाणी चांगलं धरलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाणी जड असलं की तुरीची डाळ शिजता शिजत नाही. डाळीतल्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं. कोकणात ही तक्रार क्वचितच ऐकू येते. उलट घाटावरून आलेले पाहुणे म्हणतात, अंगावरचा साबण कितीही धुतला तरी बुळबुळ जात नाही.

याचं कारण पायाखालच्या जांभ्यात आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. असा पाऊस लाखो वर्षं मुरत राहिला आणि काळ्या कातळातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धुऊन घेऊन गेला. मागे राहिली ती मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणजे तांबडा जांभा. आज पडणाऱ्या पावसाला द्यायला त्याच्याकडे फारसं काही उरलेलंच नाही. धरणात साठतं तेही मुख्यतः हेच पावसाचं पाणी.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. ५० मिलिलिटर पाण्यात अमोनियाचं बफर आणि चिमूटभर रंगद्रव्य टाकलं की पाणी कोकम सरबतासारखं लालसर होतं. मग वरून ईडीटीए नावाचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. त्याने सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडलं की लाल रंग जाऊन स्वच्छ निळा येतो. जडपणा ४०० असेल तर नेहमीच्या तीव्रतेचं २० मिलिलिटर द्रावण लागतं. ४० असेल तर दोन मिलिलिटरमध्येच काम होतं, आणि जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा या दुसऱ्या गटातलं असतं. बोअर खाली काळ्या कातळात गेली असेल तर आकडा थोडा वाढतो, इतकंच.

हलक्या, म्हणजे जडपणा कमी असलेल्या पाण्याचा त्रास निराळा असतो. मातीतून येताना ते कार्बन डायऑक्साइड घेऊन येतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. मानकात पीएच किमान ६.५ हवा, जांभ्यातल्या विहिरींचा अनेकदा त्याखाली जातो. जड पाणी पाइपाला आतून क्षारांचा पातळ लेप देतं, त्याने धातू झाकला जातो. हलकं पाणी तसा लेप देत नाही, ते धातू खातं. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातून सकाळी पहिल्यांदा लालसर पाणी येतं ते बरेचदा यामुळे. आपण मात्र तांबड्या मातीला बोल लावतो. नळ दोन-तीन मिनिटं सोडल्यावर पाणी निवळलं तर दोष बहुधा पाइपाचा. पितळी नळातून तांबं आणि थोडं शिसंही उतरू शकतं, म्हणून रात्रभर साचलेलं ते पहिलं पाणी झाडांना घालावं, स्वयंपाकाला घेऊ नये.

मिऱ्या, भाट्ये अशा किनाऱ्यालगतच्या वस्तीत चित्र एकदम पालटतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वजनाला हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोड्या पाण्याचा थर असतो. गाइबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वतंत्रपणे मांडलेला हा हिशेब आहे. याचा अर्थ, उपशाने पातळी एक मीटर उतरली तर खारं पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकतं. समुद्राच्या पाण्याचा जडपणा सहा हजारांच्या वर असतो, तोही मुख्यतः मॅग्नेशियममुळे. विहिरीत ते दोन टक्के मिसळलं तरी जडपणा सव्वाशेने वाढतो आणि क्लोराइड २५० ची मर्यादा ओलांडून साडेतीनशेच्या पुढे जातं. मे महिन्यात पाणी मचूळ लागतं ते यामुळे. इथे पिण्यापुरतं आरओ घेतलं तर ते सार्थकी लागेल. विहिरीचं पाणी मात्र उपसा कमी केला तरच सुधारेल, आणि बोअर आणखी खोल मारली तर बिघडेल.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या वस्तीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती संडासाच्या शोषखड्ड्यांची. जांभा सच्छिद्र असतो, त्यात पोकळ्या आणि भेगा असतात. मातीतून सावकाश गाळत जाणारं पाणी इथे सरळ वाट काढतं. विहीर आणि शोषखड्डा यांत १५ मीटर अंतर ठेवायची रीत आहे. भेगाळलेल्या जांभ्यात तेवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे, आणि प्लॉट लहान झाल्यामुळे तेवढंही अनेक ठिकाणी उरलेलं नाही. मशीन विकणारा ग्लासात बुडवतो तो टीडीएस मीटर विजेचं वहन मोजून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. मीटरवर ६० आकडा दाखवणाऱ्या नितळ पाण्यातही काविळीचा विषाणू असू शकतो. अशा पाण्यातले उरलेसुरले क्षार काढायला आरओ लावून वर पाणी वाया घालवण्यापेक्षा उकळणं किंवा गाळून यूव्ही लावणं पुरतं. नळपाणी योजनेच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडीन) हे रसायन टाकून बघतो ते हेच. पिवळा रंग आलाच नाही तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कमी पडलंय असं समजून ग्रामपंचायतीत विचारावं.

विहीर असेल तर वर्षातून दोनदा नमुना द्यावा: मे महिन्यात क्षारांसाठी आणि पहिल्या जोरदार पावसानंतर जंतूंसाठी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी. जंतूंच्या तपासणीला घरची धुतलेली बाटली चालत नाही, निर्जंतुक बाटली तिथूनच आणावी. बाटली भरली की बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी, आणि अहवालात ई. कोलायच्या रकानात १०० मिलिलिटरला शून्य आहे ना, ते आधी बघावं.