चोराच्या मनात चांदणं, कुत्र्याच्या मनात काय?

संध्याकाळी मी दार उघडलं की भुरी अंगावर झेप घेते. त्या दिवशी ती सोफ्याखाली जाऊन बसली होती. हॉलभर वर्तमानपत्राच्या चिंध्या आणि एका चपलेचा अंगठा गायब. माझी नजर चपलेकडे जाताच तिने कान मागे पाडले, मान वळवली, शेपूट पायांत घेतली आणि जिभेने स्वतःचं नाक चाटलं. "बघ, चोराच्या मनात चांदणं! हिला सगळं कळतं," सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटलं आणि मी तिला चांगलं दहा मिनिटं झापलं.

तेव्हा भुरी पाच महिन्यांची होती. त्या दहा मिनिटांत ती काय शिकली, हे समजायला मला बराच काळ लागला.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये याच चेहऱ्यावर एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्री १४ होती. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचं नाही' असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. तो बाहेर असताना काही वेळा कुत्र्याला खाऊ खायला मिळे, काही वेळा तो उचलून घेतला जाई. परतलेल्या मालकाला मात्र कधी खरं सांगत, कधी खोटं. त्यामुळे काही वेळा निरपराध कुत्र्याला ओरडा बसला आणि खाऊ फस्त केलेल्याचं कौतुक झालं. पाडलेले कान, चुकवलेली नजर, वर उचललेला पंजा हे सगळं खाऊ खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हतंच. मालक ओरडला की तो चेहरा दिसायचा. ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं, त्यांच्यात तर ओरडा बसल्यावर तो अधिक ठळक दिसला.

म्हणजे ज्याला आपण अपराधी चेहरा म्हणतो, तो समोरच्याचा राग शांत करण्यासाठी असतो. अंग चोरणं, नजर वळवणं, ओठ किंवा नाक चाटणं, झोप आलेली नसताना जांभई देणं ही कळपात जगणाऱ्या प्राण्याची 'मला भांडायचं नाही' असं सांगण्याची भाषा आहे. कुत्र्यांना अपराधभाव अजिबात नसतो, असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही. चेहरा पाहून तो ओळखता येत नाही, एवढं मात्र नक्की कळतं.

"पण मी ओरडण्याआधीच तो तोंड लपवतो!" हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकलाय आणि तो खरा आहे. आपण दारातच थबकतो, श्वास जोरात सोडतो, खांदे ताठ होतात. कुत्रं दिवसभर आपल्यालाच वाचत असतं, त्यामुळे त्याला तेवढं पुरतं. शिवाय जमिनीवर चिंध्या आणि दारात मालक ही जोडी जमली की आपलं काही खरं नाही, हे त्याने आधी अनुभवलेलं असतं. चिंध्या दुपारी तीन वाजता आपणच केल्या, हा दुवा मात्र त्यात कुठेच नसतो. कृती आणि तिचं फळ यांत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं, की कुत्र्याला त्यांची सांगड घालणं अवघड जातं. चार तासांनी दिलेल्या शिक्षेतून तो शिकतो ते एवढंच, की संध्याकाळी घरी येणारं माणूस कधीकधी भयंकर वागतं.

फ्लॅटमध्ये पिल्लाला शी-शूची सवय लावताना हेच गणित सगळ्यात जास्त चुकतं. लादीवरच्या शूमध्ये त्याचं नाक घासायची पद्धत आजही कित्येक घरांत आहे, ती कृपा करून बंद करा. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगामागे जाऊन करतं आणि खाली फिरायला नेल्यावर आपल्यासमोर रोखून धरतं. त्यापेक्षा झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागी न्या. शू संपताक्षणी, तिथेच उभं राहून खाऊ द्या. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात आल्याचं बक्षीस ठरतो. घरातली जागा पुसायला एन्झाइमवाला (शूचा वास मुळापासून घालवणारा) क्लीनर वापरा, कारण आपल्याला न येणारा वास पिल्लाला येतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. फिनाईल नकोच. घरात मांजर असेल तर मुळीच नको. फिनॉल गटातली द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते, आणि पंजाला लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं.

चपलेचंही तसंच. पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात. साधारण चौथ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत हे चालतं आणि तेव्हा हिरड्या शिवशिवतात. चपला कपाटात ठेवा आणि चावायला थंडगार गाजर द्या. जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कुठली आणि नवी कुठली, हे त्याने कसं ओळखायचं?

जरब हवीच, असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या प्रशिक्षणवर्गांतल्या कुत्र्यांमध्ये, बक्षिसावर शिकवलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत तणावाच्या खुणा जास्त दिसल्या आणि प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (तणावात शरीरात वाढणारं संप्रेरक) अधिक वाढलं. गुरगुरण्यावर ओरडणं तर फारच धोकादायक. गुरगुर ही सूचना असते. ती दाबून टाकली की कुत्रं पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतं. मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलंय आणि कुत्र्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, अशा वेळी फोटो काढत बसू नका, आधी मुलाला बाजूला घ्या.

भुरी नऊ वर्षांची झाल्यावर रात्री घरात शू करू लागली. इतक्या वर्षांत एकदाही न झालेली गोष्ट. सकाळी मी फडकं घेऊन आले की ती कोपऱ्यात कान पाडून बसायची. इतकं सगळं वाचूनही पहिले दोन दिवस माझ्या तोंडून "अगं, आता या वयात?" निघालंच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला. शिकलेलं मोठं कुत्रं अचानक असं करू लागलं तर संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास यांपैकी काहीही असू शकतं, त्यामुळे आधी तपासणी. औषधांनी तिची शू आठवडाभरात थांबली. पण पुढे कितीतरी दिवस, कोरड्या लादीवरसुद्धा, माझ्या हातात फडकं दिसलं की तिचे कान खाली जायचे.