मिठाने लव्हाळा मरत नाही

‘पंपात ग्लायफोसेटसोबत मूठभर मीठ टाका, लव्हाळा मुळासकट जातो.’ लव्हाळ्याच्या तणावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारताना बांधाबांधावर वर्षानुवर्षं फिरणारा हा सल्ला चुकीचा आहे.

मिठाने पात लवकर करपते, म्हणून औषध लागू पडल्यासारखं वाटतं. फसगत होते ती इथेच. ग्लायफोसेट हिरव्या पानातून साखरेच्या प्रवाहाबरोबर खाली जमिनीतल्या गाठीपर्यंत जातं. पानच आधी करपलं की ती वाट बंद!

एक रोप हळूच उकरून बघा. पातीखाली एक गाठ, तिला दोऱ्यासारखा धागा, पुढे दुसरी गाठ, मग तिसरी. यातल्या झोपलेल्या गाठींकडे साखर जात नाही, म्हणून औषधही फारसं पोचत नाही. एका फवारणीत रान साफ होत नाही ते यामुळे. वर रोटाव्हेटर फिरवला की साखळी तुटते आणि झोपलेल्या गाठी फुटतात. मीठ मात्र जमिनीत राहतं, निचरा नसलेल्या काळ्या रानात तर जास्तच त्रास देतं.

आणखी एक गडबड पाण्यात असू शकते. ओढ्याच्या गढूळ पाण्यातली माती औषध धरून ठेवते, बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही. अमोनियम सल्फेट मिसळतात ते या कॅल्शियमला अडवण्यासाठी. त्याला कारण आहे, मिठाला नाही.

पडीक रानात ओल असताना, लव्हाळा हिरवागार वाढलेला असताना फवारा. पुन्हा फुटला की पुन्हा. उभ्या उसात ग्लायफोसेट नको, तिथे लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक आहे.