पडीक नागरी जमिनीचे सामुदायिक पुनरुज्जीवन (इंदूर)

शहरातील ओस पडलेल्या जागा, म्हणजे बंद कारखान्यांची आवारे, पडक्या घरांचे भूखंड, कचऱ्याचे डोंगर, आसपासच्या रहिवाशांच्या पैशातून, श्रमातून किंवा मालकीच्या वाट्यातून पुन्हा वापरात आणण्याची पद्धत. नुसते सुशोभीकरण किंवा जागेचा लिलाव या संज्ञेत बसत नाही. जागेवर आणि तिच्या वाढत्या किमतीवर वस्तीचा हक्क राहणे, हे तिचे खरे लक्षण. इंदूर आज संपन्न शहर गणले जाते. तिथे हा प्रश्न मुख्यतः मालवा मिल, पाटनीपुरा, परदेशीपुरा या जुन्या कामगारवस्त्यांपुरता उरतो.

उगम : या कल्पनेचे मूळ कुठे शोधावे याविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकन लेखक सामान्यतः डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांच्यापासून सुरुवात करतात. १८९३ च्या मंदीनंतर, १८९४ मध्ये त्यांनी रिकामे भूखंड बेकारांना बटाटे लावण्यासाठी मिळवून दिले. नगररचनेचे अभ्यासक मात्र स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांच्याकडे बोट दाखवतात. गेडिस व त्यांची कन्या नोरा यांनी एडिंबरोच्या जुन्या शहरातील मोकळ्या तुकड्यांची पाहणी करून त्यांतील काहींवर वस्तीतल्या मुलांसाठी बागा उभ्या केल्या. हे काम साधारणपणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरचे. कालानुक्रमाने पिंग्री आधीचे खरे. पण त्यांच्या योजनेत जागा मालकांकडून तात्पुरती घेतलेली होती आणि मालक मागेल तेव्हा ती सोडायची होती. त्यामुळे आजच्या अर्थाने तिला आद्य म्हणणे ताणलेले वाटते.

मालकीच्या अंगाचा उगम याहून गुंतागुंतीचा आहे. जमीन विश्वस्त संस्थेकडे कायम ठेवायची, तिच्यावरील घर मात्र रहिवाशाच्या मालकीचे, आणि खालच्या जमिनीचा दीर्घ मुदतीचा पट्टा, अशी ‘सामुदायिक भूविश्वस्त’ व्यवस्था १९६९ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या ‘न्यू कम्युनिटीज’ या संस्थेने प्रथम आकाराला आणली. तिच्या शिल्पकारांपैकी रॉबर्ट स्वान यांच्यावर विनोबा भावे यांच्या ग्रामदानाचा, म्हणजे गावची जमीन साऱ्या गावाच्या मालकीची करण्याच्या चळवळीचा, प्रभाव होता. दुसरा पक्ष इस्राएलमधील ज्यू नॅशनल फंड या जमीन राखून ती पट्ट्याने देणाऱ्या संस्थेच्या पद्धतीला मूळ मानतो, कारण ‘न्यू कम्युनिटीज’च्या संस्थापकांनी १९६८ मध्ये त्या देशाचा अभ्यासदौरा केला होता. कायद्याचा सांगाडा इस्राएलकडून आणि जमीन कोणा एकाची नसते हे नैतिक अधिष्ठान ग्रामदानातून, असे मानणे अधिक सयुक्तिक. शहरी पडीक जागांवर या व्यवस्थेचा ठळक प्रयोग बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात झाला. तेथील रहिवाशांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेला १९८८ मध्ये खाजगी रिकामे भूखंड सक्तीने संपादण्याचा अधिकार मिळाला.

इंदूरमधील पूर्वपीठिका : तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबारासाठी गेडिस यांनी तयार केलेला दोन भागांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडण्यास त्यांचा विरोध होता. मोडकळीला आलेली मोजकी घरे काढावीत, मोकळ्या झालेल्या जागी झाडे लावून चौक करावा आणि बाकी गल्ली जशी आहे तशी राखावी, ही त्यांची पद्धत. प्लेगच्या सावटात त्यांनी घडवून आणलेली दिवाळीची मिरवणूक (बहुधा १९१७) प्रसिद्ध आहे. ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त, त्या रस्त्याने मिरवणूक जाणार असे जाहीर झाले आणि लोकांनी आपापली आळी झाडूनपुसून घेतली. मिरवणुकीत सफाई कामगारांना मानाचे स्थान होते, आणि रावणासोबत प्लेगच्या उंदराची प्रतिमाही होती. हा तपशील प्रामुख्याने गेडिस व त्यांच्या चरित्रकारांकडून येतो, तेव्हा त्यातील उत्साह थोडा वजा करून वाचावा. पण रहिवाशांनी आपल्या खर्चाने वस्ती सुधारण्याचा हा शहरातील महत्त्वाचा आरंभ होय. विनोबांचा १९६० मधील इंदूर मुक्काम आणि विसर्जन आश्रमाची स्थापना याच परंपरेत मोडते; तिथे भर मात्र सफाईवर होता, जमिनीवर नव्हे.

मिलच्या जमिनी : १८६६ मध्ये होळकर दरबाराने स्टेट मिलची पायाभरणी केल्यापासून शहरात कापडधंदा वाढला, मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी या मिल पुढच्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून त्या एकेक करून थांबल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली आणि जवळपास सहा हजार कामगारांची देणी थकली. सुमारे ४२ एकरांच्या आवाराच्या मालकीवरूनही न्यायालयात वाद झाला. अखेर गृहनिर्माण मंडळामार्फत विकासाचा मार्ग ठरून २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपये कामगारांसाठी देण्यात आले. तोवर शेकडो कामगार वाट पाहत मरण पावले होते. रक्कम न्याय्यच, पण ती जुन्या मजुरीची देणी होती, जमिनीतला वाटा नव्हे. हा फरक बहुतेक वृत्तान्तांत पुसला जातो.

कामगारांची सामुदायिक गुंतवणूक खरी दिसते ती अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत, म्हणजे मिरवणुकीतील चलत्‌ देखाव्यांत. मिल बंद पडल्यावरही कामगारांनी चंदा गोळा करून, नगर निगम व विकास प्राधिकरणाची मदत मिळवून ही प्रथा चालू ठेवली. ओसाड आवारात लोखंडी सांगाडे जोडले जातात, मोटारीवर हलणारे पुतळे रंगतात, बल्बच्या माळा तपासल्या जातात, आणि रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीत प्रत्येक झांकी आजही आपल्या मिलच्याच नावाने निघते.

अन्य प्रयत्न : झोपडवस्त्यांना रस्ते, नळ व मलवाहिन्यांनी शहराशी जोडणारा हिमांशु पारीख यांचा प्रकल्प १९९८ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्काराने गौरवला गेला. गीता दिवान वर्मा यांनी मात्र त्याच्या दाव्यांवर कठोर आक्षेप घेतले. मलवाहिन्यांच्या देखभालीविषयीचे आक्षेप ग्राह्य वाटतात. देवगुराडिया येथील सुमारे १०० एकरांच्या कचराभूमीवरील जुना कचरा २०१८ मध्ये हटवण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नगर निगमाने जलूद येथील ६० मेगावॉट सौरप्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) सर्वसामान्य गुंतवणूकदारांना खुले केले. नागरिकांचे भांडवल शहराच्या कामाला लावता येते हे त्यातून सिद्ध झाले.

हुकुमचंद मिलच्या आवारात तीन दशकांत आपोआप दाट झाडी वाढली आहे. ती तोडून निवासी व व्यापारी संकुल उभारण्याच्या बेताला २०२५ मध्ये नागरिकांनी विरोध केला आणि आवार वन म्हणून राखण्याची मागणी केली.